आधी पाणी, मग नाव

मराठी घरात मुलाच्या हाती येणारे पहिले जबाबदारीचे काम म्हणजे पाहुण्याला पाणी नेऊन देणे. तांब्या-भांडे असो की ट्रेमधले काचेचे पेले, चार-पाच वर्षांचे मूल ते दोन्ही हातांनी धरून, न सांडता बैठकीत आणते आणि एका परक्या माणसासमोर उभे राहते. पाठोपाठ बाकीच्या सूचना येतात. पाया पड, नाव सांग, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस, बशीतल्या चिवड्याकडे टक लावून पाहू नकोस, काय हट्ट करायचा तो पाहुणे गेल्यावर कर. याला आपण वळण म्हणतो आणि शिष्टाचाराच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण आपल्या धर्मविचाराने पाहुण्याला थेट देवाच्या जागी बसवले आहे, त्यामुळे हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. मूर्ती नाही, मंत्र नाही, पुरोहित नाही, अशी ही एक पूजा आहे आणि ती मुलांच्या हातून करून घेतली जाते. तिच्यातून मूल नेमके काय शिकते, हे म्हणून नीट तपासायला हवे. माझे उत्तर फारसे सुखावह नाही. पाहुण्याला मान द्यावा, हे आपण मुलाला तोंडाने सांगतो. कोणत्या पाहुण्याला किती मान द्यायचा, हे ते आपल्याकडे पाहून शिकते. ही दुसरी शिकवण पहिलीला गिळून टाकते, आणि ज्या धर्माच्या नावाने आपण मुलाला वाकायला लावतो त्याचा गाभाच तिथे निसटतो.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला निरोपाचा उपदेश केला आहे. आई, वडील, आचार्य आणि अतिथी या चौघांना देव मानावे, असे त्यात सांगितले आहे. पर्यटन खात्याच्या जाहिरातींपासून हॉटेलांच्या पाट्यांपर्यंत यातला चौथा तुकडा इतका वापरला गेला आहे की, पहिल्या तिघांच्या शेजारी तो किती विजोड दिसतो हे आता कुणाच्या लक्षात येत नाही. आईने जन्म दिला, वडिलांनी पोसले, आचार्यांनी शिकवले. त्यांचा आदर ही एका अर्थाने परतफेड आहे, आणि ऋणाची कल्पना ज्या समाजात मुरलेली आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. अतिथीने मात्र आपल्यासाठी काहीच केलेले नाही. मनुस्मृतीने एक रात्र राहणारा तो अतिथी, अशी व्याख्या केली आहे आणि आपल्याच गावचा माणूस अतिथी ठरत नाही, असेही बजावले आहे. ज्याच्याशी नाते नाही, ज्याच्याकडून काही येणे नाही, ज्याची पुन्हा गाठ पडेल याचीही खात्री नाही, अशा माणसाला आईच्या पंक्तीला बसवायचे, असा हा उपदेश आहे. कृतज्ञतेतून तो उगवत नाही, म्हणून आपोआपही येत नाही. तो शिकवावाच लागतो.

हा उपदेश कुणाला केला आहे, तेही पाहण्यासारखे आहे. ऐकणारा तरुण आयुष्याची काही वर्षे दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलेला आहे. ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागून जेवायचे, हा तेव्हाचा नियम होता. कुठल्या दारात हसून वाढले जाते आणि कुठल्या दारात भांडे आदळले जाते, हे त्याने रोज अनुभवलेले असते. म्हणजे परंपरेने त्याला आधी घ्यायला शिकवले आणि मग द्यायला सांगितले. मुंजीतली भिक्षावळ हा त्या शिक्षणाचा उरलेला अवशेष आहे. बटूच्या झोळीत आता लाडू, चांदीची वाटी आणि पाकिटे पडतात, मावश्या-आत्या फोटो काढून घेतात, आणि परक्याच्या दारात उभे राहण्याची जी अनिश्चितता त्या संस्काराचा जीव होती ती पार नाहीशी झाली आहे. आजच्या मुलाला यजमान होण्याचे धडे मिळतात. पाहुणा होणे म्हणजे काय, हे त्याला कुणी दाखवत नाही. आजोळी सुट्टीला जाणे म्हणजे पाहुणा होणे नव्हे, तिथे तर ते राजेच असते.

याच उपनिषदाच्या भृगुवल्लीत वसतीसाठी आलेल्या कुणालाही परत पाठवू नये, हे व्रत समजावे, आणि त्यासाठी घरात भरपूर अन्न मिळवून ठेवावे, असा व्यवहारी सल्ला आहे. विष्णुपुराण त्याच्याही पुढे जाते. घरातला वैश्वदेव, म्हणजे जेवणाआधीची अन्नाची आहुती, आटोपल्यावर गृहस्थाने गाय दोहायला लागतो तेवढा वेळ अंगणात उभे राहून कुणी येते का याची वाट पाहावी, असे ते सांगते. भुकेला दाराशी येण्याची वाट न पाहता यजमानानेच त्याच्यासाठी दाराबाहेर यायचे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पराशर स्मृतीच्या पहिल्या अध्यायात तर स्पष्टच म्हटले आहे की, आलेल्याला गोत्र, शाखा, अध्ययन काही विचारू नये. तो आवडता असो की नावडता, मूर्ख असो की पंडित, त्याच्या ठिकाणी देव कल्पावा. वैश्वदेवाच्या वेळी दारात आलेला चांडाल असो, नाही तर बापाचा खून केलेला माणूस असो, तोही अतिथीच, इथवर ती स्मृती जाते. पाणी आणि पान पुढे करण्याआधी चौकशी नाही, हा त्या नियमाचा अर्थ.

आता पहिला आक्षेप, आणि तो हलका नाही. हीच परंपरा पाहुण्यांची उतरंडही लावते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आसन, खोली, बिछाना आणि सेवा उत्तमाला उत्तम, हीनाला हीन आणि बरोबरीच्याला बरोबरीची द्यावी, असा नियम आहे. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी म्हणवला जात नाही, आणि वैश्य-शूद्र आले तर त्यांना दयेपोटी नोकरांबरोबर जेवू घालावे, असेही तिथेच सांगितले आहे. पराशर स्मृतीही पुढच्या अध्यायांत चांडालाच्या संपर्कासाठी प्रायश्चित्ते सांगते. तेव्हा ‘आपली संस्कृती पाहुण्याला देव मानते’ असे सरसकट विधान करणारा माणूस अर्धेच बोलत असतो. पण यावरून आतिथ्याचा सगळा विचारच ढोंगी ठरवायचा, हेही मला पटत नाही. परंपरेत दोन प्रवाह आहेत आणि त्यांतला एक निवडावा लागतो. निवडीचा निकष परंपरेच्या आतच सापडतो. अतिथीला मान द्यायचा तो त्याने काही केले म्हणून नव्हे, हे एकदा मान्य केले की त्याची जात, पद आणि पैसा पाहून मानाचे माप बदलण्याला आधारच उरत नाही. उतरंड लावणारा नियम अतिथीला पुन्हा लाभ-हानीच्या हिशेबात ओढून आणतो. त्यामुळे तो आतिथ्याचा एक सौम्य प्रकार ठरत नाही, तो आतिथ्याला नाकारतो.

आपल्या घरांतला व्यवहार या दोन प्रवाहांपैकी कोणत्याचा आहे, हे मुलाला आपल्याआधी कळते. साहेब येणार असले की चादर बदलली जाते, ठेवणीतल्या कपबश्या निघतात, बाबांचा आवाज मऊ होतो. गावाकडचा दूरचा नातेवाईक कामासाठी न सांगता आला की स्वयंपाकघरात कुजबुज होते आणि चहा साध्या कपात येतो. घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा, तो ओट्याखालच्या कोपऱ्यात. पार्सल घेऊन चौथ्या मजल्यावर आलेल्या मुलाला पाणी हवे का, हे विचारायचेच नसते. यांतला एकही नियम कुणी मुलाला समजावून सांगत नाही, तरी शाळेत जायच्या वयाला ते पाठ झालेले असतात. सुदाम्याचे पोहे, शबरीची बोरे, वाळवंटात पोळणारे लेकरू कडेवर घेऊन त्याला घरी पोचवणारे एकनाथ, या गोष्टी आपण मुलांना रंगवून सांगतो. गोष्टींत दार नेहमी गरिबासाठी उघडते. घरात ते कुणासाठी उघडते हे मूल मोजत असते. आपल्याकडे पंक्तिप्रपंच हा मोठा दोष मानला गेला आहे. एका पंगतीत बसलेल्या दोघांना वेगवेगळे वाढायचे नाही, तूप वाढताना धार कुणाच्या पानावर रेंगाळू द्यायची नाही, हे वाढपी पोरांनाही बजावले जाई. पण पंगत हा मुळात निवडलेल्यांचा गट असतो. पंगतीत बसायला मिळते कुणाला, हा खरा पंक्तिप्रपंच, आणि त्याबद्दल वाढप्याला कुणीच काही बजावले नाही.

याचा परिणाम किती दूर जातो, याचा एक लेखी पुरावा आपल्याच मातीतला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1901 सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील कोरेगावला नोकरीवर होते आणि साताऱ्याहून लहानगे आंबेडकर आणि घरातली बाकीची मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे निघाली होती. नवे कपडे, जरीच्या टोप्या असा थाट होता. मसूर स्टेशनावर ती उतरली, पण न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. आपण महार आहोत असे मुलाच्या तोंडून निघाले आणि मास्तरचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एकजण तयार झाला. बरोबर जेवणाचा डबा होता, पाणी मात्र कुणी दिले नाही, आणि ती मुले रात्री उपाशी झोपली. हा प्रसंग अस्पृश्यतेचा म्हणून आपण वाचतो, आणि तो तसा आहेच. पण आतिथ्याच्या प्रश्नासाठीही याहून नेमका दाखला मिळणार नाही. मास्तर उद्धट नव्हता. परक्या मुलांची विचारपूस करावी, हे वळण त्याला होते. ते वळण कपड्यांकडे पाहून जागे झाले आणि जातीचे नाव ऐकताच विझले. ज्याला लहानपणापासून माणूस जोखून मग मान द्यायला शिकवले गेले, त्याच्याकडून दुसरे काय घडणार? पराशराने निषिद्ध ठरवलेला प्रश्न आधी विचारला गेला, आणि पाण्याची वेळ मग आलीच नाही. त्या रात्रीनंतर 26 वर्षांनी, 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते पाण्याच्याच हक्कासाठी होते.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. मनात काही नसताना मुलाला नमस्कार करायला लावणे म्हणजे त्याला खोटेपणा शिकवणे नव्हे का? आदर आतून यावा, तो दटावून आणता येत नाही, असे नव्या पालकांतले पुष्कळजण म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धेच. कोणताही सद्गुण आधी मनात पूर्ण तयार होतो आणि मग हातात उतरतो, असे घडत नाही. न्यायाची कृत्ये करत करतच माणूस न्यायी होतो, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी मांडले, आणि नित्यकर्माला एवढे महत्त्व देणाऱ्या आपल्या परंपरेलाही ते अपरिचित नव्हते. तहान कळायच्या आधी पेला पुढे करण्याची सवय लागली तर बिघडत नाही. कधीतरी पाणी पिणाऱ्याचा चेहरा पाहून त्या सवयीत अर्थ उतरतो. खोटेपणा शिरतो तो दुसऱ्या दारातून. पाहुण्यासमोर गोड बोलायचे आणि तो जिना उतरायच्या आत त्याची टिंगल सुरू करायची, हे मुलाने पाहिले की त्याला नमस्काराचा खरा उपयोग कळतो. तसेच पाढे म्हणून दाखव, इंग्रजी कविता म्हण, नाच करून दाखव, हा प्रकार. तिथे पाहुण्याला काहीच मिळत नाही, त्याला टाळ्या वाजवाव्या लागतात. मिळते ते आईवडिलांना, ‘किती हुशार आहे हो’ हे प्रशस्तिपत्रक. पाहुण्याच्या निमित्ताने स्वतःची आरती करून घेण्याचा हा उद्योग आतिथ्यात मोडत नाही, आणि मुले त्यावर रुसतात तेव्हा माझी सहानुभूती मुलांकडे असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पाहुणा देव असेल तर त्याला नाही कसे म्हणायचे? मुलाला ‘काकांच्या मांडीवर बस’, ‘मामाला पापी दे’ असे सांगितले जाते, ते अंग चोरते, आणि मोठी माणसे हसून पुन्हा ढकलतात. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या आणि विश्वासातल्या माणसांचे प्रमाण मोठे असते, हे आता उघड आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याने तर नात्यातल्या वा एकाच घरात राहणाऱ्या व्यक्तीने केलेला गुन्हा अधिक गंभीर मानला आहे. आदराच्या नावाखाली मुलाचा नकार मोडून काढणारे घर त्याला संकटात मूक राहायला शिकवत असते. आतिथ्यधर्माच्या समर्थकाने हा मुद्दा झटकता कामा नये, कारण आपल्या परंपरेत त्याची एक भयंकर गोष्ट आहे आणि ती आपण पोथीत वाचतो. श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृतात श्रियाळ राजा आणि चांगुणा यांच्या घरी शंकर अतिथीच्या वेषात येतो आणि जेवणाला त्यांचाच मुलगा मागतो. चिलया स्वतः तयार होतो. आईला त्याचे मस्तक उखळात कांडावे लागते, तेही गात गात. पिढ्यान्‌पिढ्या ही कथा आईबापांच्या सत्त्वाची म्हणून ऐकवली गेली. तमिळ शैव परंपरेतही सिरुत्तोंडर या भक्ताची अशीच कथा आहे.

मी ती कथा वेगळी वाचतो. ताट वाढून झाल्यावर अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मारा. चांगुणा हाक मारते, चिलया धावत येतो, आणि मगच देव प्रसन्न होतो. कथेच्या शेवटी तरी देवाला मुलाचा बळी नको आहे, त्याला मूल पंगतीला हवे आहे. मुलाच्या अनुपस्थितीत वाढलेले ताट त्याने नाकारले, हा या कथेचा सांगण्याजोगा भाग. कुणी म्हणेल की हे सोयीचे वाचन झाले, मूळ हेतू हा नाही. नसेलही. पण परंपरेची दिशा ठरवायला तिच्यात आणखी आधार आहेत. कठोपनिषदात नचिकेता नावाचा मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो. यम परततो तेव्हा घरचे लोक त्याला बजावतात की अतिथी घरात अग्नीसारखा शिरतो, आधी पाणी आण. आणि साक्षात मृत्यू एका पोराची क्षमा मागून, राहिलेल्या तीन रात्रींचे तीन वर त्याला देऊ करतो. इथे लहान मूल अतिथी आहे आणि वाकणारा यजमान त्याच्याहून कितीतरी मोठा. मनुस्मृतीतही, जिच्यातल्या उतरंडीबद्दल वर लिहिले, असा नियम आहे की नव्या सुवासिनी, कुमारिका, आजारी माणसे आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी, मागचापुढचा विचार न करता जेवू घालावे. आपस्तंब धर्मसूत्र म्हणते की स्वतःच्या, बायकोच्या, मुलाच्या पोटाला चिमटा घेतला तरी चालेल, राबणाऱ्या गड्याच्या नाही. या दोन नियमांत मुलाची जागा एकसारखी नाही, हे मान्य. पण एक गोष्ट दोन्हींत आहे: घरातल्या दुबळ्याच्या तोंडचा घास काढून पाहुण्याला घालणे, हे धर्माला मंजूर नाही. पाणी दे, बसायला जागा दे, गोड बोल, हे मुलाला सांगता येते. आपले अंग दे, आपली भीती गिळ, हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. हात जोडून चार पावलांवरून केलेला नमस्कार या कामाला पुरेसा आहे, आणि तो आपल्याकडे पूर्वीपासून आहे.

याच ओघात मुलींबद्दल बोलले पाहिजे. फार बोलायला नको, कारण वस्तुस्थिती सर्वांना ठाऊक आहे. पाहुणे आले की बहीण उठते आणि भाऊ बसतो. स्मृतींनी सर्वांचे झाल्यावर उरलेले अन्न नवरा-बायको दोघांनी खावे म्हटले होते. व्यवहारात नवरा पाहुण्याबरोबर जेवला आणि उरलेले बायकोच्या वाट्याला आले. ज्या घरात पाणी नेणे हे फक्त मुलीचे काम आहे तिथे मुलगा आतिथ्य शिकत नाही, तो सेवा करून घ्यायला शिकतो.

आणखी एक हरकत घेतली जाते, ती काळाची. आता अनोळखी माणूस दारात येतोच कुठे? सोसायटीच्या फाटकावर नोंद होते, ॲपवर परवानगी लागते, नातेवाईकही फोन करून येतात. आणि आलाच, तर मुलांनी अनोळखी माणसाला दार उघडू नये हेच शहाणपणाचे. खरे आहे. मुलांनी एकटे असताना दार उघडू नयेच. पण जुन्या ग्रंथांनीही अतिथीला घराच्या किल्ल्या द्यायला सांगितले नव्हते. पाणी, आसन, अन्न, एका रात्रीचा निवारा आणि गोड शब्द, एवढीच ती यादी होती, आणि तिच्यातली निम्मी उंबऱ्यावरून देता येते. उन्हाळ्यात चौकाचौकांत लागणाऱ्या पाणपोईवर कोण पिऊन गेले याची नोंद कुणी ठेवत नाही. आळंदीच्या पालखीच्या वाटेवर, लोणंद-फलटणपासून नातेपुते-वेळापूरपर्यंत, दरवर्षी लहान मुले वारकऱ्यांना पाणी आणि चहा देतात, ‘माउली’ म्हणून पाया पडतात, आणि सत्तरीचा वारकरी वाकून त्या मुलाच्याच पायाला हात लावतो. नाव, गाव, जात काही न विचारता, दोन्ही बाजूंनी. ही वाटही निर्मळ नव्हती, अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे हे विसरून चालणार नाही. तरीही अनोळख्याला आधी मान आणि मग, जमल्यास, ओळख, हा क्रम मुलाला प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची याहून मोठी शाळा महाराष्ट्रात मला दिसत नाही. वर्षातले उरलेले दिवस अनोळखी माणूस येतोच. तो पार्सल घेऊन येतो, गॅसचे सिलिंडर खांद्यावर घेऊन येतो, तुंबलेले गटार काढायला येतो. त्याला पाहुणा मानायचे आपण सोडले, म्हणून अतिथी संपले असे आपल्याला वाटते.

ज्यांची स्वतःचीच दृष्टी अशी विभागलेली आहे त्या आईवडिलांनी मुलांना काय शिकवावे, असा निराश सूर यावर निघू शकतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये एका म्हाताऱ्या महारणीची मोळी रस्त्यात पडते आणि ती उचलून द्यायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि येऊन अंघोळ कर. त्या बाईची करुणा तिच्या काळाच्या किती पुढे होती आणि किती त्याच्या आत होती, हे दोन्ही एका सूचनेत दिसते. 1935 साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. मे 1947 मध्ये त्याच श्यामने, म्हणजे साने गुरुजींनी, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर उघडले. आईची शिकवण अपुरी होती, पण तिने आधी मोळी उचलायला पाठवले होते. मुलाने त्यातले पहिले अर्धे ठेवले आणि अंघोळ गाळून टाकली. पालक निर्दोष असण्याची वाट पाहण्याचे म्हणून कारण नाही. क्रम तेवढा बरोबर लागतो.

तेव्हा मुलाला ‘पाया पड’ म्हणण्याआधी पालकांनी एक काम करावे. ओट्याखालच्या कोपऱ्यात ठेवलेला तो वेगळा कप उचलून बाकीच्या कपांत मिसळावा, आणि पुढचा चहा कुणाचा कुठल्या कपात गेला हे मुलालाही सांगता येऊ नये अशा रीतीने करावा.